झांकलेल्या पत्राचा अपराध

नाटकांतील खलपुरुष रंगभूमीवर पाऊल ठेवतांच प्रेक्षकांस ओळखूं यावा, म्हणून पूर्वीच्या नाटक मंडळ्या त्याच्या भिवया जाड रंगवीत आणि मिशांस पीळ देत. दूरचित्रवाणीवरील तपासकथांनीं भिवया रंगविण्याचें सोडून दिलें आहे. परंतु खूण करून ठेवण्याची संवय मात्र त्यांस सोडवत नाहीं. आतां ती खूण संशयिताच्या संगणकावर असते. पोलीस घरांत शिरतात, यंत्र उघडतात, पत्रव्यवहार पाहूं लागतात, तों पडद्यावर अर्थहीन अक्षरांचा खच दिसतो. तज्ज्ञ मान हलवून सांगतो कीं हा सर्व मजकूर कूटलिपींत आहे. आणि त्याच क्षणीं घरोघरीं बसलेल्या मंडळींस गुन्हेगार कोण तें कळून चुकतें. पुढील भाग पुरावा जुळविण्यापुरता उरतो. ही युक्ति वाङ्मयदृष्ट्या हलकी आहे, एवढीच आमची तक्रार असती तर आम्हीं वाचकांचा वेळ घेतला नसता. जिच्या कैवारासाठीं ह्या कथा लिहिल्या जातात त्या पीडित स्त्रीवरच ती उलटते, असें आमचें मत आहे. तें कसें, हें येथें सांगावयाचें आहे.

आमच्या नेरूळच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं अशीच एक कथा चालू होती. शेजारचे एक सेवानिवृत्त सद्गृहस्थ आमच्याकडे नेहमीं येऊन बसतात. पडद्यावर कुलुपबंद पत्रें दिसतांच ते म्हणाले, "कर नाहीं त्याला डर कशाला? सभ्य माणसाला पत्रावर कुलूप हवेंच कशाला?" आमची सून संगणकाच्या व्यवसायांत आहे. ती म्हणाली, "काका, बँक तुम्हांला खात्याचा उतारा ईमेलनें पाठवते, तो तुम्ही कसा उघडतां?" "जन्मतारीख घालून," काका म्हणाले. "मग तेंही कुलूपच कीं!" काकांनीं चहाचा कप उचलला आणि पुढील पांच मिनिटें मालिका मोठ्या लक्षपूर्वक पाहिली.

ज्या मालिकेच्या निमित्तानें हें संभाषण झालें ती अमेरिकेंतील 'लॉ अँड ऑर्डर : स्पेशल व्हिक्टिम्स युनिट'. डिक वुल्फ यांनीं निर्मिलेली ही मालिका २० सप्टेंबर १९९९ रोजीं सुरू झाली. न्यू यॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागांतील पोलिसांचें एक पथक केवळ लैंगिक अत्याचारांचा तपास करतें, अशी तिची मांडणी आहे. २०१९ सालीं तिचा एकविसावा हंगाम आला, तेव्हां अमेरिकेंतील रात्रीच्या मुख्य वेळेंत दाखविल्या जाणाऱ्या सजीव नटांच्या मालिकांत ती सर्वांत दीर्घायुषी ठरली. इतकीं वर्षें जी कृति लाखो घरांत जाते, तिला करमणूक म्हणून बाजूस सारणें टीकाकारास शोभत नाहीं. तिच्यामुळें लोकांच्या मनांत गुन्हेगाराची, पोलिसाची आणि पीडितेची एकेक प्रतिमा घडत असते.

तिचे गुण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. जो गुन्हा कुटुंबांत उच्चारला जात नसे, तो तिनें कुटुंबासमोर मांडला. आणि मांडतांना तक्रार करणारी स्त्री खोटी असावी या समजुतीपासून आरंभ केला नाहीं. मॅरिस्का हार्गिटे या नटीनें रंगविलेली ऑलिव्हिया बेन्सन ही अधिकारी समोरच्या बाईचें म्हणणें आधीं ऐकून घेते. या भूमिकेचा परिणाम असा झाला कीं अत्याचार सोसलेल्या अनेक स्त्रियांनीं त्या नटीस पत्रें लिहिलीं, आणि ज्या गोष्टी त्यांनीं क्वचितच कोणास सांगितल्या होत्या त्या तिला कळविल्या. त्या पत्रांनीं हेलावून जाऊन तिनें २००४ सालीं 'जॉयफुल हार्ट फाउंडेशन' ही संस्था स्थापिली. वैद्यकीय तपासणींत गोळा केलेले पुरावे पोलिसांच्या कोठारांत वर्षानुवर्षें न तपासतां पडून राहतात, या अन्यायाविरुद्ध त्या संस्थेनें मोठें काम केलें. २०१७ सालचा 'आय ॲम एव्हिडन्स' हा माहितीपटही याच विषयावर आहे. एखाद्या नाट्यकृतीस याहून मोठें श्रेय कोणतें द्यावें? परंतु वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हें सर्व श्रेय ज्यांतून निघालें तीं पत्रें खाजगी होतीं. तीं परक्याच्या हातीं पडणार नाहींत या विश्वासावरच तीं लिहिलीं गेलीं. असें असतां या मालिकेनें आणि तिच्यासारख्या कथांनीं झांकलेलें पत्र हीच अपराधाची खूण मानावी, हा विसंवाद आहे.

विसंवादाचें मूळ आमच्या मतें असें आहे. जें सांगितलें नाहीं त्याचा अर्थ आपल्या सोयीनें लावण्याची मनुष्यास फार घाई असते. 'मौनं संमतिलक्षणम्' हें वचन आपण लग्नकार्यांत हंसत हंसत वापरतों. पण तेंच वचन न्यायासनावर जाऊन बसलें म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. रंगभूमीवर तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकानें १९६७ सालीं तें दाखविलें. खेळ म्हणून मांडलेल्या कोर्टांत एका शिक्षिकेचें खाजगी आयुष्य साक्षीपुराव्यास काढलें जातें. ती गप्प राहते, आणि तिचें गप्प राहणें हाच तिच्याविरुद्ध पुरावा होऊन बसतो. नाटककार तेथें प्रेक्षकांस खेळणाऱ्यांच्या बाजूनें बसवून मग शरमिंदें करतो. तपासमालिका प्रेक्षकांस त्याच जागीं बसवितात, पण शरमिंदें करीत नाहींत.

प्रत्यक्ष न्यायालयांत काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. २६ मार्च १९७२ रोजीं तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील व आतां गडचिरोली जिल्ह्यांत असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी पोलीस शिपाईच होते. सत्र न्यायालयानें त्यांस सोडलें, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें दोषी ठरविलें, आणि सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं पुन्हां सोडलें. अंगावर जखमा नाहींत, आरडाओरड झाली नाहीं, यांवरून मुलीची संमति होती असा अर्थ काढण्यांत आला. पोलीस ठाण्यांत पोलिसांसमोर कोणी कोणास हांक मारावी, हा प्रश्न न्यायासनापुढें ठेवण्याचें काम मग उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांस १९७९ सालीं एक अनावृत पत्र लिहून करावें लागलें. त्या पत्रानें देशांत खळबळ उडाली आणि १९८३ सालीं कायदा बदलला.

त्या बदलांतील दोन कलमें आमच्या विषयास थेट लागूं पडतात. एक, असे खटले बंद दारांआड चालवावे. दुसरें, पीडितेची ओळख पटेल असें कांहींही छापणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद. भारतीय दंडविधानाचें तें २२८-अ कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत तें ७२ व्या कलमाच्या रूपानें आलें आहे. म्हणजे पीडितेच्या नांवास कायद्यानेंच कुलूप लाविलें. देसाईगंजच्या मुलीस मात्र त्याचा लाभ झाला नाहीं. तिचें नांव निकालपत्रांत आलें, मोर्च्यांच्या फलकांवर आलें, आणि कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत आजही छापलें जातें. आम्ही तें येथें लिहीत नाहीं.

आतां ईमेलच्या कुलुपाची गोष्ट. पुष्कळांची अशी समजूत असते कीं ईमेल म्हणजे पाकिटांतील पत्र. वस्तुतः साधी ईमेल पोस्टकार्डाच्या अधिक जवळची आहे. हल्लीं ती एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जातांना बहुधा बंद थैलींतून जाते, हें खरें. परंतु प्रत्येक मुक्कामावर थैली उघडते, आणि ज्या कंपनीच्या यंत्रांत ती विसावते त्या कंपनीस ती वाचतां येण्याजोगीच असते. आमच्या नव्या मुंबईंत ठाणे-बेलापूर रस्त्यानें जातांना महापे, रबाळे, ऐरोली या बाजूस मोठमोठीं यंत्रगृहें उभीं राहिलेलीं दिसतात. लोकांचा पत्रव्यवहार आणि हिशेब अशाच इमारतींत सांठविलेले असतात. आकाशांत कोठेंतरी तरंगणाऱ्या ढगाची उपमा त्यांस देतात, पण तीं आपल्याच गांवच्या रस्त्यावर आहेत, आणि तेथेंही किल्ल्या माणसांच्याच हातांत असतात.

या पोस्टकार्डास पाकीट कसें घालावें, याचें उत्तर १९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघां अमेरिकनांनीं सुचविलें. तें साध्या शब्दांत असें. प्रत्येकानें आपलीं उघडीं कुलुपें जगास वांटून ठेवावीं आणि किल्ली आपल्यापाशीं ठेवावी. ज्यास आपणांस पत्र लिहावयाचें असेल त्यानें तें पेटींत घालून आपलें कुलूप दाबून बंद करावें. एकदां बंद झालें म्हणजे खुद्द लिहिणाऱ्यासही तें उघडतां येत नाहीं. तें उघडतें केवळ आपल्या किल्लीनें. १९९१ सालीं फिलिप झिमरमन यांनीं या तत्त्वावर 'प्रीटी गुड प्रायव्हसी' नांवाचें साधन सामान्य माणसाच्या हातीं दिलें. अमेरिकन कायदा त्या वेळीं अशा कूटलेखनास युद्धसामग्रींत गणीत असे. तें परदेशीं गेलें म्हणून झिमरमन यांच्यामागें १९९३ पासून चौकशी लागली आणि जानेवारी १९९६ मध्यें खटला न भरतांच ती संपली. पुढें ७ सप्टेंबर १९९९ रोजीं त्याच जातीच्या 'जी.एन.यू. प्रायव्हसी गार्ड' या फुकट साधनाची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. वर सांगितलेली मालिका त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनीं सुरू झाली.

या कुलुपाच्या मर्यादाही आहेत. पत्र कोणीं कोणास केव्हां पाठविलें हें त्यानें झांकलें जात नाहीं. पत्राचा विषय म्हणून जी ओळ आपण वर लिहितों तीही बहुधा उघडीच राहते. आणि ज्याच्या हातीं किल्ली आहे तोच मजकूर दुसऱ्यास दाखवूं लागला तर जगांतील कोणतेंही कुलूप त्यास अडवीत नाहीं.

कुलुपाविषयींचा संशय मराठी माणसास नवा नाहीं. महानुभाव पंथाच्या मंडळींनीं आपले ग्रंथ शतकानुशतकें सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले होते. एका अक्षराच्या जागीं दुसरें चिन्ह घालावयाचें, अशी ती रीत. बाहेरच्यांस तें वाचतां येईना, तेव्हां आंत कांहींतरी निंद्य असलें पाहिजे अशा कंड्या पिकल्या. मराठींत 'मानभावी' हा शब्द दांभिक या अर्थानें रूढ झाला, त्यांत या संशयाचाही वांटा असावा असें आम्हांस वाटतें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्या लिपीचा उलगडा केला, आणि महानुभावांचें वाङ्मय अभ्यासकांस खुलें झालें. आंत काय होतें? म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'च्या परंपरेंतील मराठी गद्य आणि एका पंथाची भक्ति. पेटी उघडण्यापूर्वीं आपण तिच्यांत काय काय घातलें होतें, हें आठवून आपणांस संकोच वाटावयास हवा.

आतां एक अनुभव सांगतों. आमची एक माजी विद्यार्थिनी एका कार्यालयांत नोकरीस होती. तेथील एका वरिष्ठाचें वर्तन असह्य झालें तेव्हां तिनें २०१३ च्या कायद्याप्रमाणें नेमलेल्या तक्रार समितीकडे दाद मागण्याचें ठरविलें. तक्रारींतील मजकूर गुप्त ठेविला पाहिजे असें त्या कायद्याचें सोळावें कलम सांगतें. तिनें ईमेल लिहिली आणि परिपत्रकांत छापलेल्या पत्त्यावर धाडली. तो पत्ता समितीच्या अध्यक्षांचा नव्हता. कार्यालयांतील चौघे-पांच जण तो उघडीत असत. संध्याकाळपर्यंत तिच्या पत्रांतील वाक्यें चहाच्या टेबलावर बोललीं जाऊं लागलीं. तिनें तक्रार मागें घेतली आणि पुढें नोकरीही सोडली. आम्हांस भेटावयास आली तेव्हां तिच्या बोलण्यांत क्रोध फारसा नव्हता. ती एवढेंच म्हणाली, "सर, पुन्हां असें कांहीं झालें तर मी लिहिणारच नाहीं."

अध्यक्षांचें एक उघडें कुलूप त्या परिपत्रकावर छापलेलें असतें, तर तें पत्र त्यांच्याखेरीज कोणास वाचतां आलें नसतें. आमच्या ओळखीचा मालिकालेखक कोणी नाहीं. असता तर आम्हीं त्याला विचारलें असतें कीं, या मुलीनें कुलूप घातलें असतें तर तुमच्या कथेंत तिची गणना कोठें झाली असती? तुमच्या प्रेक्षकांस तुम्हीं जें शिकविलें आहे त्याप्रमाणें, तिच्याजवळ झांकण्यासारखें कांहीं आहे, असेंच ते म्हणाले असते. आणि तें खरेंच होतें. तिच्यावर ओढवलेला प्रसंग हेंच तिचें झांकण्यासारखें होतें.

यावर प्रतिपक्ष असें म्हणेल कीं गुन्हेगारही तींच कुलुपें वापरतात. तें आम्ही नाकारीत नाहीं. लहान मुलांवरील अत्याचारांचीं चित्रें अशाच आडोशानें फिरविलीं जातात, आणि तपास करणाऱ्यांची अडचण खरी आहे. परंतु त्या अडचणीवर कायद्यानें मार्ग ठेविला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखालीं सरकारास विहित कारणांसाठीं विशिष्ट मजकूर उलगडून मागतां येतो, आणि साहाय्य नाकारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. एका संशयितापुरतें विचारणें निराळें, आणि सर्वांसच संशयित धरणें निराळें. सप्टेंबर २०१५ मध्यें सरकारनें कूटलेखनविषयक धोरणाचा जो मसुदा काढला, त्यांत नागरिकांनीं आपल्या कुलुपबंद मजकुराची उघडी प्रत नव्वद दिवस बाळगावी अशी अपेक्षा होती. एवढा गदारोळ झाला कीं थोड्याच दिवसांत मसुदा मागें घ्यावा लागला. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला.

खाजगीपणा आणि तपास हे एकमेकांचे वैरी नसून त्यांचा मेळ बसवितां येतो, हें एका पुढील निर्णयानें दाखविलें. केरळांतील एका खटल्यांत अत्याचाराचें चित्रण असलेलें मेमरी कार्ड हाच पुरावा होता, आणि आरोपीनें त्याची प्रत मागितली. बचावासाठीं पुरावा पाहण्याचा आरोपीचा हक्क खरा. पण ती प्रत बाहेर पडली तर त्या स्त्रीवर तोच अत्याचार दररोज होत राहणार. सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०१९ मध्यें असा मार्ग काढला कीं आरोपीनें, त्याच्या वकिलानें व तज्ज्ञानें तें पाहावें, परंतु प्रत मिळणार नाहीं. पुरावा उघडला गेला आणि झांकलाही राहिला. नाट्य शोधणाऱ्या लेखकास याहून कठीण पेंच कोठें मिळणार?

असें लिहितां येतें, याचें उदाहरण आपल्या देशांतच आहे. रिची मेहता यांची 'दिल्ली क्राइम' ही मालिका २०१९ सालीं आली; तिला पुढल्या वर्षीं आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिकही मिळालें. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लींतील प्रकरणावर ती आधारलेली आहे, पण प्रत्यक्ष अत्याचार तिनें पडद्यावर दाखविला नाहीं. शेफाली शाह यांनीं उभी केलेली पोलीस अधिकारी स्त्री अपुरीं माणसें, अपुरी झोंप आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांतील अंधुक चित्रें यांच्या बळावर आरोपींपर्यंत पोंचते. तिच्यांतही दोष आहेत. पोलिसांकडे ती जरा अधिक ममतेनें पाहते. परंतु जें दाखवूं नये तें न दाखवितांही प्रेक्षक हलतो, हें तिनें सिद्ध केलें. तेथें पाळलेलें मौन हा कलेचाच एक भाग आहे.

अमेरिकन मालिकेकडून आमची अपेक्षा एवढीच कीं तिनें एखाद्या कथेंत कुलूप पीडितेच्या हातीं देऊन पाहावें. जिला नवरा पळत ठेवून आहे, जिची छायाचित्रें कोणी धमकावण्यासाठीं वापरीत आहे, जी वकिलास गुप्तपणें लिहूं पाहते, अशी स्त्री त्या पथकाच्या दारीं येतेच येते. तिच्या पत्राचें कुलूप शाबूत राहील कीं नाहीं, यावर प्रेक्षकांचा श्वास अडकवून ठेवतां येईल.

आणि आपल्या घरांचें काय? आमच्या लहानपणीं मुलीच्या नांवानें आलेलें पाकीट वडील माणसांनीं आधीं उघडावें, वाचावें आणि मग तिच्या हातीं द्यावें, अशी पुष्कळ सुशिक्षित घरांतही चाल होती. त्यांत दुष्टपणा नव्हता, काळजीच होती. पण त्यामुळें कित्येक मुलींनीं, जें घरीं कळणें अत्यंत अवश्य होतें, तेंही कधीं कोणास लिहिलें नाहीं. आज पाकीट गेलें आणि त्याच्या जागीं मोबाईल आला. मुलीनें त्यास कुलूप घातलेलें दिसलें तर तिचा संशय घेण्यापूर्वीं, एखाद्या दिवशीं ती आपण होऊन तें उघडून आपल्यापुढें ठेवील इतका विश्वास आपण मिळविला आहे काय, हें वडिलधाऱ्यांनीं स्वतःस विचारून पाहावें.